घरच्या कॉम्प्युटरचा बॅकअप: कुठे, किती आणि कसा?

गोदाकाठ · शनिवार, रात्री १०:४०

मंडळी, नमस्कार. एरवी मी वाचनमात्र. आज अडचण आली म्हणून पहिलाच धागा काढतेय, चूकभूल द्यावी घ्यावी.

आमचं घर पंचवटीत, घाटावरून चालत पाच मिनिटं. वडिलांना, म्हणजे अण्णांना, जाऊन दोन वर्षं झाली. त्यांचा कॉम्प्युटर अजून त्यांच्याच टेबलावर आहे. त्यावरचं भरतकामाचं झाकणसुद्धा आईने बदललेलं नाही. वापर माझा आणि मुलाचा. गेल्या आठवड्यापासून चालू केला की आतून टक्… टक्… टक् असा आवाज येतो. मधेच थांबतो, पुन्हा सुरू होतो. परवा एक फोटो उघडायला चार मिनिटं लागली.

आत काय आहे ते सांगते. २००४ पासूनचे घरचे फोटो. अण्णांनी पंधरा वर्षं खपून जुळवलेला आमचा कुळवृत्तांत. टॅक्सची कागदपत्रं, मुलाचे प्रोजेक्ट. आणि आजीच्या ओव्या. आजी ऐंशीच्या पुढे गेल्यावर अण्णांनी तिला जात्यापाशी बसवून त्या टेपवर घेतल्या होत्या, नंतर कॉम्प्युटरवर चढवल्या. एकूण अकरा फाइल्स. मूळ कॅसेटींना माळ्यावर बुरशी लागली, त्या गेल्या.

अण्णांचा भरवसा असा, की सगळं डी ड्राइव्हमध्ये आहे, सी उडाला तरी डी ला धक्का नाही. आमचा बॅकअप म्हणाल तर एवढाच.

डिस्क १ टीबीची, भरलीय ६४० जीबी. एक्स्टर्नल डिस्क घेऊ, क्लाउडवर टाकू, की दोन्ही? घरात हे बघणारी मी एकटी, आणि मी शाळेत भूगोल शिकवते. मला झेपेल असं सांगा.

सातपूरचा_फिटर · रात्री ११:०५

ताई, बॅकअपची चर्चा नंतर. आधी ते मशीन बंद करा. आत्ता.

टक् टक् म्हणजे बहुतेक डिस्कचं हेड जागा शोधतंय आणि त्याला ती मिळत नाहीये. जितकं चालू ठेवाल तितकं झिजेल. उद्या नवीन एक्स्टर्नल डिस्क आणा आणि मगच मशीन चालू करा. आधी ओव्या, मग कुळवृत्तांत, मग फोटो. ‘सिलेक्ट ऑल, कॉपी’ अजिबात नको. कुठल्यातरी फालतू फाइलवर ते अडकेल आणि ओव्या रांगेतच राहतील.

चेकडिस्क चालवू नका. ते दुरुस्तीच्या नावाखाली त्याच डिस्कवर लिहायला जातं. ताप आलेल्या माणसाला चामरलेणीच्या पायऱ्या चढायला लावल्यासारखं आहे ते. डीफ्रॅग, म्हणजे डिस्कवरच्या फाइल्सची फेरमांडणी, तर नकोच. आणि डिस्क फ्रीजरमध्ये ठेवा असं कुणी सुचवलं, तर त्याला चहा पाजून घरी पाठवा. बाहेर काढल्यावर आत दव धरतं, मग उरलीसुरली आशाही जाते.

सी आणि डी ड्राइव्हबद्दल: ते एकाच डिस्कवर पाडलेले दोन वाफे आहेत हो. मधे बांध घातला म्हणून विहिरी दोन होत नाहीत.

आणि डिस्क कॅबिनेटच्या मागे निळं पोर्ट असेल तर त्यात लावा. पुढचं काळं बहुधा यूएसबी २ असतं, सेकंदाला तीस-पस्तीस एमबीवर दमतं. निळं तिप्पट पळतं.

झटपट_उत्तर · रात्री ११:२०

एवढं काय त्यात? गूगल ड्राइव्हवर टाका आणि निवांत झोपा. मी २०१८ पासून हेच करतोय भो.

खातेवही · रविवार, सकाळी ८:१५

झटपटराव, फुकट मिळतात १५ जीबी, आणि त्यातच जीमेल, ड्राइव्ह, फोटो सगळे दाटीवाटीने. फोटोही जून २०२१ पासून त्यातच मोजतात. ताईंचे ६४० आहेत. पैसे भरून जागा घेतली तरी ४० एमबीपीएस अपलोडला ते चढवायला साधारण छत्तीस तास लागतील, तेही लाइन मधे पडली नाही तर. आणि तेवढा वेळ ती आजारी डिस्क चालू ठेवायची?

पण माझा खरा आक्षेप वेगळा आहे. सिंक आणि बॅकअप एक नव्हेत. सिंक म्हणजे आरसा. इकडे टिकली पडली की तिकडचीही पडते. आमच्या भाच्याने मोबाइलमध्ये जागा करायची म्हणून आषाढीच्या सुमारास गूगल फोटोजमधून एका अल्बममधले सगळेच्या सगळे फोटो पुसले. ते फक्त मोबाइलमधून जातील असा त्याचा समज. आम्हाला कळलं दिवाळीत. तिथल्या कचरापेटीत फोटो ६० दिवस राहतात, ड्राइव्हच्या पेटीत ३०. पेटी केव्हाच रिकामी झालेली. माझ्या साठीचे फोटो होते, आता पासष्टीची वाट बघतोय.

तिसरा_डोळा · रविवार, सकाळी १०:३०

लग्नाचे फोटो काढतो, त्यामुळे हा विषय माझ्या पोटापाण्याचा. लोकांचं लग्न पुन्हा लावता येत नाही.

आमच्या धंद्यात ३-२-१ म्हणतात. पीटर क्रोग नावाच्या अमेरिकन फोटोग्राफरने हा नियम लोकप्रिय केला. एकूण तीन प्रती (मूळ धरून), दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि त्यातली एक दुसऱ्या जागी. पहिले दोन आकडे सगळे पाळतात. तिसऱ्याची माझी गोष्ट ऐका.

२०१६ च्या ऑगस्टमध्ये माझा स्टुडिओ भांडी बाजाराच्या मागच्या गल्लीत होता. मी शहाणा. कॉम्प्युटर टेबलावर, बॅकअपची डिस्क त्याच टेबलाच्या सगळ्यात खालच्या खणात, कुलूप लावून. गंगापूर धरणातून पाणी सोडलंय हे कानावर आलं होतं, पण ‘आपल्याकडे कुठे येतंय’ ही नाशिककराची जुनी खोड. दुसऱ्या दिवशी शटर वर केलं तर खण उघडेना, लाकूड फुगलं होतं. स्क्रूड्रायव्हरने फोडला. डिस्कच्या यूएसबीच्या तोंडातून गढूळ पाणी ओघळलं, मागून बारीक रेती. कॉम्प्युटर टेबलावर असल्याने वाचला. म्हणजे मूळ प्रत वाचली आणि बॅकअप बुडाला! उलटंही झालं असतं, आणि वीतभर पाणी जास्त आलं असतं तर दोन्ही गेलं असतं.

ताई, तुम्ही घाटापासून पाच मिनिटांवर आहात. दुसरी प्रत नदीपलीकडे ठेवा. गोदावरीपलीकडे, उंचावर, ज्याच्या घरी तुमचं येणंजाणं आहे अशा माणसाकडे. येणंजाणं महत्त्वाचं, नाहीतर ती डिस्क तिथेच शिळी होते.

झटपट_उत्तर · रविवार, सकाळी १०:४४

म्हणजे गोदेच्या पुराचं माप जसं पात्रातल्या दुतोंड्या मारुतीवरून, तसं बॅकअपचं परिमाणही दुतोंड्या मारुतीच. कमरेपर्यंत पाणी आलं की एक्स्टर्नल डिस्क उचला, गळ्यापर्यंत आलं की क्लाउड.

खातेवही · रविवार, सकाळी ११:०२

हसलो. पण संकट पाण्याचंच असतं असं नाही. आमच्या ऑफिसात एक्स्टर्नल डिस्क कायम जोडलेली असायची, रोज आपोआप कॉपी व्हायची, आम्ही खूश. ऐन मार्चअखेर कुणीतरी ‘इन्व्हॉइस’ नावाची मेलमधली फाइल उघडली. अर्ध्या तासात सगळ्या फाइल्सना विचित्र शेपट्या फुटल्या, आणि जोडलेल्या डिस्कवरच्याही. रॅन्समवेअरला, म्हणजे फाइल्स अडवून खंडणी मागणाऱ्या प्रोग्रॅमला, सी, डी, एक्स्टर्नल असा भेदभाव नसतो, जे दिसेल ते कुलूपबंद. आम्ही वाचलो ते मालकांनी दोन आठवड्यांपूर्वी घरी नेलेल्या एका जुन्या डिस्कमुळे. दोन आठवड्यांच्या नोंदी हाताने पुन्हा केल्या, तीन रात्री.

तेव्हापासून माझं म्हणणं: काम झालं की वायर काढा. वायर काढलेली डिस्क पुसायला हॅकरला घरी यावं लागेल.

शून्य_एक · रविवार, दुपारी २:१०

यापेक्षा एक चार डिस्कचा नॅस (घरच्या नेटवर्कला जोडायचा डिस्कचा डबा) घ्या, त्यात झेडएफएस (फाइल्स साठवायची एक पद्धत) टाका, रेड (अनेक डिस्कची एकत्र जुळणी) लावा. एक डिस्क गेली तरी चालू राहतं, स्नॅपशॉटही, म्हणजे त्या त्या वेळची फाइल्सची स्थिती, मिळतात. माझ्या घरी आहे, अतिशय सुंदर चालतो.

सातपूरचा_फिटर · रविवार, दुपारी २:४०

सुंदर असेल, पण ताईंनी ‘मला झेपेल असं’ म्हटलंय. रेड म्हणजे गाडीची स्टेपनी. पंक्चर झालं तर पोचाल, गाडीच चोरीला गेली तर काय? चुकून पुसलेली फाइल रेडमधल्या सगळ्या डिस्कवरून एकदम जाते, आणि स्नॅपशॉट असले तरी डबा त्याच खोलीत, त्याच सॉकेटवर.

शून्य_एक · रविवार, दुपारी २:५५

मान्य. रेड हा बॅकअप नाही हे मीच चार जणांना सांगत असतो. छंदाच्या भरात वाहवलो.

गोदाकाठ · रविवार, रात्री ९:५०

सगळ्यांचे आभार. दुपारी २ टीबीची डिस्क आणली, मागच्या निळ्या पोर्टला लावली. ओव्यांपैकी दहा सुखरूप आल्या. सातवी ६२ टक्क्यांवर थांबली ती थांबलीच, मग ‘डिव्हाइस एरर’. तीनदा करून पाहिलं. आई शेजारी बसून होती, तिने हात जोडले म्हणून चौथ्यांदा केलं नाही. फिटरदादा, पुढे काय?

सातपूरचा_फिटर · रविवार, रात्री १०:१०

चौथ्यांदा केलं नाहीत ते फार बरं झालं, आईंना नमस्कार सांगा. आता उरलेलं, म्हणजे कुळवृत्तांत आणि फोटो, उतरवून मशीन बंद करा. सातवीसाठी डीडीरेस्क्यू नावाचा प्रोग्रॅम आहे. लिनक्सच्या पेनड्राइव्हवरून चालतो. तो आधी सोपं वाचून घेतो, अवघड जागा वहीत टिपून ठेवतो आणि शेवटी त्यांच्याकडे वळतो. विंडोजसारखा एकाच खड्ड्यात चाक फिरवत बसत नाही. शनिवारी मला सुट्टी आहे, व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, येऊन बघतो. मिसळ तुमच्याकडून.

तोवर एक गृहपाठ. त्या ६४० पैकी खरंच जपायचं किती, ते काढून ठेवा.

जुळारी · सोमवार, सकाळी ७:३०

कुळवृत्तांत म्हणालात तिथे कान टवकारले. अण्णांनी तो कशात टाइप केला होता? पेजमेकर (पानं जुळवायचं जुनं सॉफ्टवेअर) आणि श्रीलिपी (तेव्हाचे मराठी फॉन्ट) असं काही आहे का?

गोदाकाठ · सोमवार, दुपारी १:१५

हो! फाइलच्या नावाशेवटी पेजमेकरचीच अक्षरं आहेत, पी६५. माझ्या लॅपटॉपवर उघडतच नाही. मजकूर कॉपी केलेली एक वर्डची फाइल सापडली, ती उघडली तर ‘Ö’ ‘ß’ असली चिन्हं, जणू जर्मन कुळवृत्तांत.

जुळारी · सोमवार, दुपारी ४:००

वाटलंच. हा मराठी माणसाचा खास बॅकअप-घोळ, इंग्रजी लेखांत सापडणार नाही. युनिकोड, म्हणजे सगळ्या लिप्यांसाठीची सामाईक अक्षर-पद्धत, रुळण्याआधीचे आपले फॉन्ट इंग्रजी चिन्हांच्या जागी मराठी आकार बसवायचे. फाइलमध्ये ‘क’ नसतोच, भलतंच चिन्ह असतं आणि फॉन्ट त्याला ‘क’चा मुखवटा चढवतो. म्हणून फाइल जपली आणि फॉन्ट गेला, तर हाती लागतो तो नुसता चिन्हांचा ढीग. तीस वर्षं लग्नपत्रिका आणि दिवाळी अंक जुळवले, असे ढीग पोत्याने पाहिलेत.

जुन्या मशीनचं विंडोज फोल्डर, त्यातलं फॉन्ट्स फोल्डर, अख्खं उचला. मशीनवर पेजमेकर अजून चालत असेल तर प्रत्येक प्रकरणाची फॉन्ट आत धरलेली पीडीएफ काढा. डिस्क फार चालू ठेवायची नसेल तर नुसत्या फाइल्स आणि फॉन्ट द्या, माझ्या दुकानातल्या जुन्या मशीनवर काढून देतो. मग युनिकोडमध्ये बदलायला कन्व्हर्टर आहेत. रफार आणि जोडाक्षरांत घाण करतात, पण तपासून घेता येतं. कुळवृत्तांतात ‘र्‍हाळकर’ असले तर मात्र देवच वाली.

आडगावची_आजी · सोमवार, रात्री ९:०५

मी एरवी पाककृतींच्या धाग्यांवर असते. एक सांगू का? आमचे हे सगळं फार व्यवस्थित ठेवायचे. बॅकअप होता, कुलूपबंदही होता. ते गेल्यावर मुलाने लॅपटॉप दुरुस्तीला दिला, परत आला तर निळ्या पडद्यावर ४८ आकड्यांची किल्ली मागतो. ती त्यांच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात असते म्हणे, आणि खात्याचा पासवर्ड होता त्यांच्या डोक्यात. डिस्क आहे, सगळं आत आहे, आणि मला माझ्या नातवाचं बारसं बघता येत नाही.

काय कुलूप लावायचं ते लावा बाई, पण किल्ली कागदावर लिहून दागिन्यांच्या डब्यात ठेवा.

गोदाकाठ · सोमवार, रात्री ९:३०

आजी, वाचून गलबलले. आजच लिहून ठेवते.

झटपट_उत्तर · गुरुवार, रात्री ११:५०

धागा वर काढतोय, कबुलीजबाब द्यायला. इथे वाचून गंमत म्हणून माझं ड्राइव्ह तपासलं. कोपऱ्यात बारीक अक्षरात ‘स्टोरेज फुल’. शेवटची फाइल चढलीय २०२३ च्या मार्चमध्ये. म्हणजे मी तेव्हापासून निवांत झोपतोय ते उशाशी काहीही न घेता.

शून्य_एक · शुक्रवार, सकाळी ९:००

वाईट वाटून घेऊ नका, मोठमोठे आपटलेत. २०१७ च्या जानेवारीअखेर गिटलॅबमध्ये (प्रोग्रॅमर लोकांचा कोड सांभाळणारी कंपनी) एका इंजिनिअरने चुकीच्या सर्व्हरवरचा डेटाबेस पुसला. बॅकअपचे पाच मार्ग होते, वेळेला एकही धड चालेना. एक तर आवृत्ती जुळत नसल्याने कितीतरी दिवस नुसता अपयशी होत होता आणि त्याची सूचना देणारे मेलही पोचत नव्हते. कुणीतरी सहा तास आधी दुसऱ्याच कामासाठी काढलेल्या प्रतीवर वाचले. बॅकअप घेतला का, हे विचारू नये. परत कधी आणून पाहिलास, हे विचारावं.

गोदाकाठ · रविवार, रात्री १०:२०

आठवडा झाला, वृत्तांत देते.

आधी गृहपाठ. ६४० पैकी सिनेमे, मालिका, सॉफ्टवेअरचे सेटअप आणि एकाच फोटोच्या चार-चार प्रती काढल्यावर जपण्याजोगे उरले ५८ जीबी! अण्णांनी ‘नवीन फोल्डर’, ‘नवीन फोल्डर २’, ‘नवीन फोल्डर २ खरे’ अशी चळत लावली होती, ती उपसायला तीन संध्याकाळी गेल्या. पण ५८ म्हटल्यावर डोंगराची टेकडी झाली.

काल फिटरदादा आले. डीडीरेस्क्यू रात्रभर चालला. सातव्या ओवीतले फक्त ८८ केबी शेवटपर्यंत वाचता आले नाहीत. ते म्हणाले, फाइल दाबलेली नाही, साधी वेव्ह आहे, म्हणून एवढं गेल्याने फार तर अर्धा सेकंद गप्प होईल, बाकी फाइलला काही होणार नाही. मिसळीवर दोनदा तर्री घेतली त्यांनी, ती त्यांची पूर्ण कमाई.

आता व्यवस्था अशी. नवीन एसएसडी कॉम्प्युटरमध्ये. दोन एक्स्टर्नल डिस्क, एक घरी कपाटाच्या वरच्या कप्प्यात, वायर काढून, दुसरी नाशिकरोडला ताईकडे. दर महिन्याला घरच्या डिस्कवर कॉपी, आणि ताईकडे जाणं झालं की अदलाबदल. ५८ जीबी क्लाउडवरही, शंभर जीबीचा प्लॅन घेतला, टॅक्सची कागदपत्रं तेवढी कुलूप लावून. किल्ली आईच्या पाटल्यांच्या डब्यात. फॉन्ट आणि कुळवृत्तांत जुळारीकाकांकडे पोचले.

दर महिन्याला आठवण कशी राहणार, हा प्रश्न आईने सोडवला. म्हणाली, संकष्टीला करत जा. तिला संकष्टी विसरणं शक्य नाही, आणि चंद्रोदयापर्यंत तशीही ती जेवत नाही, तोवर कॉपी होऊन जाते.

आणि हो, आज ताईच्या लॅपटॉपवर क्लाउडमधून आणि डिस्कवरून दोन्हीकडून उघडून पाहिलं. सातवी ओवी लावली. मधे तो अर्धा सेकंद आला, आम्ही तिघी एकमेकींकडे बघत राहिलो. पुढे आजी ओवी म्हणता म्हणता थांबली आणि विचारते, “चालू हाय का रं ते?” आणि अण्णांचा आवाज, “हो, तू म्हण.” अण्णांचा आवाज या फाइलमध्ये आहे हे आम्हाला कुणालाच ठाऊक नव्हतं.

आडगावची_आजी · रविवार, रात्री १०:३५

🙏

तिसरा_डोळा · रविवार, रात्री १०:४१

वाचनखूण साठवली. कपाटाचा वरचा कप्पा वाचून बरं वाटलं.

झटपट_उत्तर · रविवार, रात्री ११:१२

संकष्टीची आयडिया ढापतोय. आमच्याकडे संकष्टी कुणी करत नाही, एकादशी चालेल का? महिन्यातून दोनदा येते.

सातपूरचा_फिटर · रविवार, रात्री ११:१५

पळेल. एकादशी, दुप्पट कॉपी.